कोपऱ्यातली हवा

नाशिकमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत आम्ही अळिंबीचं बियाणं तयार करतो. उकडलेल्या गव्हावर पांढरी बुरशी वाढवायची आणि त्या पिशव्या शेतकऱ्यांना द्यायच्या, एवढंच. बियाणं नेलेल्यांचं पीक कसं येतंय ते पाहून येणं हे माझं काम. हिवाळ्यात मी बहुतेक सायखेड्याच्या बाजूला असते. गोदाकाठाला गारवाही असतो आणि ओलही.

मोतीराम आणि नवसाबाई हे तिथलंच जोडपं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीला जायचे. गुडघे बोलायला लागल्यावर दोघांनी घरामागे बांबू आणि गोणपाटाची शेड घातली. भुशाच्या पिशव्या दोरीला एकाखाली एक टांगल्या. नवसाबाईंच्या बचत गटातल्या बायका लांबून बघत होत्या. इथे जमलं तर त्याही ही धिंगरी अळिंबी लावणार होत्या. पहिला माल चांगला आला. मग मोतीरामभाऊंचा फोन आला.

"मॅडम, पल्याडच्या कोपऱ्यात माल बिघडलाय. हॉटेलवाला घेईना."

मी गेले. बाकी शेडमध्ये धिंगरी तळहाताएवढी, रुंद, राखाडी फुटली होती. त्या कोपऱ्यात मात्र देठ बोटासारखे लांब आणि टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या. हे मी पूर्वी पाहिलेलं होतं. बंद खोलीत माणसांची ये-जा जास्त असली की असं होतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो आणि धिंगरी मोकळी हवा शोधत नुसती उंच होते.

"इथे कोणी बसतं का?" मी विचारलं.

"कोण बसंल वल्यात?" मोतीरामभाऊ हसले. नवसाबाई हसल्या नाहीत.

मी दोन्ही बाजूंची गोणपाटं सकाळ-संध्याकाळ वर गुंडाळायला सांगितली. त्यांनी तसंच केलं. पुढचा बहर आला तेव्हा बाकीचा माल आणखी भरला आणि कोपऱ्यातले देठ आणखी लांबले.

त्या खेपेला मी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र घेऊन गेले. थंडीची सकाळ होती. नदीवरून धुकं अजून उठलं नव्हतं. अंगणात आकडा चारशेच्या आसपास होता, म्हणजे मोकळ्या हवेत असतो तेवढाच. शेडच्या मधोमधही तोच. कोपऱ्यात बादली उपडी घालून तिच्यावर यंत्र ठेवलं, तसा आकडा चढायला लागला. मग उतरला. पुन्हा चढला.

हे यंत्र सावकाश चालतं. त्याचा आकडा असा झोके घेत नाही. मी सेल बदलले, यंत्र अंगणात नेऊन पाहिलं. तिथे ते ठीक होतं. पुन्हा कोपऱ्यात ठेवलं. चढला, उतरला.

माणूस जवळ उभा असला तरी फरक पडतो, म्हणून मी दोघांना बाहेर थांबायला सांगितलं. मोतीरामभाऊ लगेच निघाले. नवसाबाई दारात घुटमळल्या.

"मॅडम, लय येळ नका थांबू," त्या म्हणाल्या. "त्याला सवय नाय."

"कोणाला?"

त्या गोणपाट सारून बाहेर गेल्या.

आता आत फक्त मी होते. आकडा चढत होता, उतरत होता. उरला माझा श्वास. तोही वगळावा म्हणून मी तो रोखून धरला.

आकडा उतरत गेला. चारशेवर येऊन थांबला. हलेना.

म्हणजे माझाच श्वास होता तर. मला हायसं वाटलं. दम कोंडत होता, तरी खात्री व्हावी म्हणून आणखी थोडा वेळ थांबले. शेडमध्ये कुठे थेंबही पडत नव्हता.

मग मी श्वास सोडला.

त्याच क्षणी माझ्या पाठीमागेही कोणीतरी सोडला.

मी वळले. कोणी नव्हतं. सर्वांत खालच्या, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या पिशवीच्या प्लास्टिकवर वाफेचा गोल डाग होता. तो विरला. पुन्हा धरला.

मी यंत्र उचलून बाहेर आले.

"इथे हवा खेळत नाही," मी मोतीरामभाऊंना सांगितलं. "पिशव्या घरातल्या खोलीत हलवा."

त्यांनी वर गुंडाळलेल्या गोणपाटांकडे पाहिलं. शेडमधून आरपार वारा वाहत होता. "बरं," ते म्हणाले.

खोलीत माल उत्तम आला. हॉटेलवाला परत आला. उन्हाळा लागला तशा गटातल्या बायकांनीही आपापल्या खोल्या रिकाम्या केल्या आणि मला शिकवायला बोलावलं. नवसाबाईंच्या ओट्यावर आम्ही बसलो. काम आटोपल्यावर मी घरामागे गेले.

शेड अजून उभी होती. आत एकही पिशवी नव्हती. चारी बाजूंची गोणपाटं मात्र खाली सोडून, सावली धरून नीट बांधलेली होती. पलीकडच्या कोपऱ्यात, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, गोणपाटाला चौकोनी खिडकी कापली होती. ताग टोचू नये म्हणून कडेने जुन्या लुगड्याचा मऊ काठ शिवला होता. टाके बारीक होते, मन लावून घातलेले.

मी वाकून त्या काठाला हात लावला. भर दुपार होती. गोणपाट उन्हाने कडक झालं होतं.

काठ आतल्या बाजूने ओलसर होता आणि कोमट.