मथुराबाईंचा बंब

पाना हवाय? देतो की. पण आधी बस इथे पायरीवर. तू अनंत ना, वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू? हातात काय, शॉवर काढून आणलास? म्हणजे बादलीत पाणी कढत आणि शॉवरला गार. थर्मोस्टॅट बदलला, कॉइल बदलली, मिक्सरही बदलून झाला... बरोबर? मी ज्योतिषी नाही रे. मी तुझ्या खालीच राहतो, तुझी आदळआपट सगळी ऐकू येते.

रात्रीच्या आंघोळीसाठी बाळाला तेल लावून ठेवलंय म्हणतोस? मग बायकोला, श्यामलाला, गॅसवर पाणी ठेवायला सांगितलंस ना? झालं तर. आणि गिझर? मेन स्विचच बंद करून आलास? शहाणा आहेस. मग दोन मिनिटं ऐक. मालकानं तुला काही सांगितलं नसणार. भाडं कोण देईल नाहीतर?

तुझा घरमालक श्रीनिवास, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची आई मथुराबाई. बाई कसली, तोफखाना! न्हाणीघरात तिचा तांब्याचा बंब होता. रोज पहाटे त्यात गोवऱ्या घालायची, फुंकर मारायची आणि खोकायची. तिच्या खोकल्यानं अख्खी बिल्डिंग जागी व्हायची. सुनेला, मंदाकिनीला, बंबाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. म्हणायची, "नातवाची दिवाळीतली पहिली आंघोळ ह्याच बंबाच्या पाण्यानं होणार. बंब घराबाहेर काढलात, तर याद राखा!"

नातू झाला आणि म्हातारी गेली. श्रीनिवासनं काय करावं? बंब नेला तो थेट बोहरी आळीत, मोडीत घातला. त्याच कोपऱ्यात गिझर बसवला. मी म्हटलं, "अरे, निदान एवढी दिवाळी तरी जाऊ दे." तर मला म्हणतो, "तात्या, तुला अडगळीलाही गंध लावायची सवय आहे." म्हटलं, लाव बाबा दिवे.

तेव्हापासून शॉवर गार. तुझं चाललंय तेच सगळं त्यानं करून पाहिलं. शेवटी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री, म्हणजे आजच्याच रात्री, त्यानं शॉवर खोलला. क्षार अडकले असतील म्हणून. क्षार नव्हते. राख होती. ओली, गोवरीची राख.

विजेच्या गिझरमध्ये राख! माणसानं विचार करावा की नाही? ह्यानं ती धुतली आणि शॉवर परत लावला. इंजिनियर ना!

पहाटे पाणी आलं. छान, कोमट. मंदाकिनी पाटावर पाय पसरून बसली, पायांवर बाळ, अंगाला उटणं. ह्याच्या हातात शॉवर. शॉक नको म्हणून गिझर बंद केलेला.

पाणी जरा गरम झालं. मग आणखी. त्यानं गार नळ सोडला... आणखीच गरम. नळ बंद केला. पाणी थांबेना.

धुराचा वास आला. गोवऱ्यांचा.

मग भिंतीतून... कुणीतरी फुंकर मारली. आणि खोकलं.

मंदाकिनीची किंकाळी मी इथे खाली ऐकली.

पोर वाचलं. पाठ भाजली. आता चांगला बाप्या झालाय, पण पाठीवर डाग आहेत. बारीक बारीक, शॉवरच्या भोकांएवढे. श्रीनिवासनं त्याच दिवशी घर सोडलं, पुन्हा पाय ठेवला नाही.

आण तो शॉवर इकडे. नुसता आपटतो पायरीवर...

हं. बघितलंस?

हात लावून बघ त्या राखेला. ...गरम आहे ना?

कोण हाक मारतंय वरून? तुझी श्यामलाच ना?

"अहो, राहू दे तो पाना! गिझरचं पाणी आलं, मस्त गरम! गॅस बंद केला मी. बाळाला आंघोळीला घेतेय!"

अनंत... मेन स्विच तू बंद केला होतास ना?

मग उभा काय राहिलास? अरे पळ! पोर उचल आधी!

...

श्यामलाचा आवाज थांबला.

वर कुणीतरी खोकतंय.