एकशे बारा साक्षीदार

वैजयंता सरनोबत आत आल्या तसा इलियास मुजावर खुर्चीतून उठला. कोल्हापूरच्या शाळेत बाईंनी त्याला खेळाच्या तासाला पळवून पळवून दमवलं होतं. आता तो पुण्यातल्या या प्रयोगशाळेत जगाच्या ज्ञानकोठाराचा एक भाग सांभाळत होता. माणसांची दवाखान्यातली, नोकरीतली, मैदानातली सगळी पारख करणारी यंत्रं याच कोठारातून माहिती उचलत.

"बसा बाई. पत्र आणलंय?"

बाईंनी पत्र पुढे केलं. ते मलावीतल्या ब्लँटायर शहरातून आलं होतं, तियामिके बांडा या बचावपटूकडून. चार परदेशी क्लबांच्या निवडयंत्रांनी तिला खेळ न बघताच नाकारलं होतं. कारण एकच, उजव्या गुडघ्याची जुनी गंभीर दुखापत. "माझ्या गुडघ्याला कधीच काही झालेलं नाही," तिनं लिहिलं होतं. "ही गोष्ट आली कुठून ते शोधत शोधत मी तुमच्या पानापर्यंत पोहोचले. ज्या सामन्यात मी जखमी झाले असं तुम्ही लिहिलंय, तो मी पूर्ण नव्वद मिनिटं खेळले होते."

एकोणीस वर्षं बाई एकट्यानं 'तिचा चेंडू' हे संकेतस्थळ चालवत होत्या. किर्गिझस्तान, फिजी, मलावी, जिथं बायका फुटबॉल खेळतात आणि कुणी चार ओळी लिहीत नाही, तिथले सामने त्या अडखळत्या चित्रणातून बघायच्या आणि लिहून काढायच्या. त्या स्वतः विद्यापीठाच्या गोलरक्षक होत्या, पण त्यांच्या खेळाचा कुठं चिटोराही उरला नव्हता. निदान दुसऱ्या मुलींचं तसं होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

सहा वर्षांपूर्वी ब्लँटायरच्या त्या सामन्यात मैदानाचा नुसता चिखल झाला होता. एका मुलीच्या पाठीवरचा आठ बाईंना सहा, म्हणजे तियामिकेचा नंबर, दिसला. स्ट्रेचरवरून गेली ती मुलगी दुसरीच होती.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "पत्र आलं त्याच दिवशी मी दुरुस्ती टाकली. तरी कोठार ऐकत नाही."

"ऐकणार नाही. कोठाराला खरं-खोटं कळत नाही बाई, त्याला साक्षीभार कळतो. एखादी गोष्ट किती ठिकाणी लिहिलीय आणि लिहिणारे किती भरवशाचे, एवढंच." इलियासनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुमची ती एक ओळ जपानी, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा एकशे बारा चाहत्यांच्या पानांवर गेलीय. प्रत्येकानं आपापल्या शब्दांत लिहिलीय, म्हणून कोठार त्यांना वेगळे साक्षीदार मानतं. त्यांच्यासमोर तुमची दुरुस्ती म्हणजे एकटा माणूस, तोही आपलंच बोलणं फिरवणारा."

"त्या सगळ्यांना मी लिहिलं. नऊ जणांनी उत्तरं दिली. बाकीची पानं आपोआप चालतात, मागं माणूसच नाही."

इलियासनं कोठाराचे नियम पडद्यावर उघडले.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "मूळशोध. एखाद्या संकेतस्थळाच्या मालकानंच 'हे सगळं बनावट आहे' असं जाहीर केलं, तरच कोठार मुळं खणायला घेतं. एरवी तेवढा खटाटोप त्याला परवडत नाही. खणल्यावर त्या मुळातून फुटलेली प्रत्येक गोष्ट रद्द होते. गुडघाही."

"आणि बाकीचं?"

त्यानं एक यादी काढली. फक्त 'तिचा चेंडू'वरच ज्यांची नोंद होती अशा तीनशे चाळीस मुली. "कोठारापुरतं बोलायचं तर या कधी खेळल्याच नाहीत असं होईल."

बाईंनी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकेक नाव वाचताना त्यांना गोल आठवत होते, एका मुलीनं अनवाणी मारलेला कॉर्नरही. तियामिकेचं नाव यादीत नव्हतं. ती तर शंभराहून जास्त पानांवर होती.

"यातली कुणी आत्ता कुठल्या दारात उभी आहे का?"

"बहुतेक जणींनी खेळ सोडलाय."

"तियामिके सव्वीस वर्षांची आहे. आता उरलेल्या स्वीडनच्या क्लबची अर्जाची मुदत मंगळवारी संपते. परत तिला कोण विचारणार?" बाईंनी कळफलक ओढून घेतला आणि लिहिलं : 'या संकेतस्थळावरचे सामने मी पाहिलेले नाहीत. सगळं मनानं रचलेलं आहे.'

"बाई, हे खोटं आहे."

"खरं लिहून बघितलं की."

त्यांनी बटण दाबलं. परत कोल्हापूरला जाताना साताऱ्यापर्यंत त्या रडत होत्या. बसमधल्या शेजारणीनं विचारलं, घरचं कुणी गेलं का?

मूळशोधाला तीन दिवस लागले. सोमवारी दुपारी तियामिकेचा संदेश आला.

"गुडघ्याची नोंद गेली. तुमचे आभार कसे मानू? पण क्लबचं यंत्र आता वेगळंच विचारतंय. तियामिके बांडा नावाची कुणी खेळाडू असल्याचा पुरावा काय, असं."

बाईंनी तिथल्या तिथं इलियासला फोन लावला. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज येत राहिला, आणि मग थांबला.

"माझी यादी चुकली, बाई." त्याचा आवाज खाली गेला होता. "मी खणण्याआधी मोजलं. तेव्हा ती एकशे बारा ठिकाणी दिसत होती. पण त्या प्रत्येकाला ती मुळात तुमच्याकडूनच कळली होती. तिच्या क्लबच्या पानानंसुद्धा तिचे सामने, गोल, सगळं तुमच्याकडून उचललं होतं. गुडघा गेला, आणि त्याच्याबरोबर तीही. अकरा हजार मुली गेल्या."

"मग परत घाल तिला. मंगळवार उद्यावर आलाय रे."

"घालता येतं. एक साक्षीदार पुरे. तिला खेळताना बघून तेव्हाच लिहून ठेवणारा, भरवशाचा."

"मी बघितलंय की. बावन्न सामने बघितलेत तिचे. कुठल्या मिनिटाला काय केलं ते सांगते, लिहून घे."

इलियासच्या पडद्यावर बाईंनीच जाहीर केलेलं वाक्य उघडं होतं : 'सामने मी पाहिलेले नाहीत.'

"तुम्ही सोडून, बाई," तो म्हणाला. "तुम्ही सोडून कुणी बघितलंय का?"