थांबलेली बॅट

अमरावतीच्या मैदानावर बेसबॉलच्या पंचाला आता फारसं काम उरलं नव्हतं. बॅटरच्या हेल्मेटवरचा दिवा लाल झाला, की स्ट्राइक; अशा तीन झाल्या, की बॅटर बाद. वाद नाही, आरडाओरडा नाही.

पूर्वी असं नव्हतं. बॅटर बॅट फिरवू लागते आणि चेंडू बाहेर जातोय असं दिसताच मध्येच आवरते. मग तिनं बॅट फिरवली म्हणायची की नाही? नियम सांगे, मारायचा प्रयत्न केला असेल तर स्ट्राइक. पण बॅट किती पुढे गेली म्हणजे प्रयत्न, हे पुस्तकात कुठंच नव्हतं. शंका आली की मुख्य पंच पहिल्या बेसवरच्या पंचाकडे बोट दाखवी. त्यानं मूठ आवळली तर बॅट गेली. दोन्ही हात आडवे पसरले तर नाही गेली. गावंडे सर बावीस वर्षं त्या जागी उभे होते. निम्म्या विदर्भाच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या होत्या.

मग बेसबॉल महासंघाच्या सांगण्यावरून डॉ. सुमेधा बोंद्रे यांनी संकल्पमापक तयार केला. हात हलण्याआधी क्षणभर मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू होते. तिचे सूक्ष्म विद्युत तरंग हेल्मेटमधलं हे यंत्र टिपतं. मारायचं ठरलं, की दिवा लाल. यंत्र इतकं अचूक निघालं, की न्यायालयांनीही ते पुरावा म्हणून स्वीकारलं.

राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या शर्वरी ढोकेच्या बरगडीवर तिसऱ्यांदा चेंडू बसला. मागून कॅचर हसली, "काय वं, हातात बॅट आहे का लाटणं?"

शर्वरी गर्रकन वळली. तिनं बॅट उगारली. कॅचरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ती थांबली.

दिवा लाल होता. गंभीर दुखापत करण्याच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला.

न्यायालयाच्या व्हरांड्यात गावंडे सरांनी डॉ. बोंद्रेंना गाठलं. "मॅडम, तुमचं यंत्र चुकतं का हो कधी?"

"नाही सर. तीच तर अडचण आहे."

"म्हणजे?"

"लहान मूल गरम तव्याकडे हात नेतं, आठवण येते, हात मागे घेतं. हात न्यायचा हुकूम मेंदूनं आधी दिलेला असतो. आवरायचा हुकूम मागून सुटतो. यंत्र पहिला टिपतं."

"आणि दुसरा?"

"नाही टिपत."

"का?"

"महासंघानं विचारलं होतं, मारायचं मनात होतं का. थांबली का, हे कुणी विचारलंच नाही."

सर म्हणाले, "म्हणूनच दोन वर्षांत मला चेंडूवर एकही आवरलेली बॅट दिसली नाही. दिवा लागलाच आहे, तर पोरी आवरतील कशाला?"



साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या सरांना न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपीनं बॅट मारली का?"

सरांनी सवयीनं दोन्ही हात आडवे पसरले.

"तोंडी सांगा."

"नाही, साहेब. तिनं आवरली. मी डोळ्यांनी पाहिलं."

"संकल्प होता की नव्हता?"

"ते मला कसं दिसणार?"

"यंत्राला दिसलं," न्यायाधीश म्हणाले.

तीन वर्षांची शिक्षा झाली. बाहेर नेताना शर्वरीनं एवढंच विचारलं, "सर, मी थांबले होते ना?"

"थांबली होतीस, बाळा."

पुढच्या हिवाळ्यात शाळांच्या सामन्यात सर प्रेक्षकांत बसले होते. धाव घेण्यावरून दोन बारा वर्षांच्या मुलींचं भांडण जुंपलं. एकीनं बॅट उगारली. दिवा लाल झाला, तसे सर धडपडत उठले, "आवर, पोरी, आवर!"

मुलीनं वर डोळे करून हेल्मेटच्या कडेवर पसरलेला तांबडा उजेड पाहिला. तिचे हात क्षणभर घुटमळले. आता थांबून काय उपयोग, हे तिला शाळेत नीट शिकवलेलं होतं.

बॅट पूर्ण फिरली.