ओळख दाखवायची नाही

भाईंदर पूर्वेच्या झेरॉक्सच्या दुकानात संचिता नंबर येण्याची वाट बघत उभी होती, आणि तिची नजर शेजारच्या माणसाच्या हातातल्या कागदांवर गेली. दुसऱ्याच्या कागदांत डोकावू नये, हे तिला घरी शिकवलेलं होतं. पण कागद तिचेच निघाले, त्याला ती तरी काय करणार? तिनं आणि तिच्या संस्थेच्या उर्मिलाताईंनी रात्रीचा दिवस करून लिहिलेला मसुदा होता तो. आणि त्यातल्या सातव्या कलमावर लाल पेनानं आडवी रेघ मारलेली होती.

"हे कोणी खोडलं?" तिनं विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. सावळा चेहरा, चष्म्याआड हसरे डोळे... "मी. का?"

"मी लिहिलं होतं."

"अरे वा. म्हणजे आपलं भांडण आधी झालं, ओळख आता होतेय."

तो गेविन. उत्तनचा. वकिली शिकून इथल्या आमदारबाईंच्या ऑफिसात विधेयकांचं काम बघणारा. आणि संचिता जेसल पार्कमधल्या एका छोट्या संस्थेत समुपदेशक होती. घरात मार खाल्लेल्या, बाहेर कुणाच्या वासनेला बळी पडलेल्या बायका तिथं येत. त्यांच्यासाठी राज्यात कायदा व्हावा म्हणून संस्थेनं मंत्रालयात चपला झिजवल्या होत्या. शेवटी या आमदारबाई हिवाळी अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडायला तयार झाल्या, तर त्यांच्या ऑफिसातला हा शहाणा लाल पेन घेऊन बसला होता.

सातवं कलम सरळ होतं. बाईनं समुपदेशकाला जे सांगितलं, ते तिच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही.

"सख्ख्या भावालाही नाही?" गेविन म्हणाला. "मग भाऊ असतो कशाला?"

"बायकांना विचारा."

"तुम्हीच समजवा ना. मी जरा मंद आहे, रोज थोडं थोडं समजवावं लागेल."

झालं. सातव्या कलमाच्या निमित्तानं दोघं जेसल पार्कच्या खाडीकाठी भेटू लागले. पहिल्या भेटीत कलमावर बोलणं झालं, दुसऱ्या भेटीत थोडंसं झालं, आणि पुढे पुढे तर बिचारं कलम कुणाला आठवेना. दिवाळीपर्यंत 'अहो'चं 'अरे' झालं. तो चहाचा ग्लास पुढे करायचा, बोटं बोटांना लागायची, आणि दोघंही खाडीत काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं तिकडे बघत राहायचे. रेघ मात्र अजून तशीच होती. बाकी सगळ्या बाबतीत ऐकणारा हा माणूस या एका बाबतीत हटून बसला होता.

मग एका रविवारी त्यानं तिला उत्तनला घरी नेलं. अंगणात बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. त्याच्या आईनं "ये गो पोरी, लाजू नको," म्हणत तिचा हात धरला, तोच आभाळ भरून आलं आणि अवकाळी थेंब टपटपू लागले. सगळं घर बोंबील काढायला धावलं. संचिताही धावली. ओढणी खोचून ती भराभर मासे ओढत होती, आणि दांडीच्या पलीकडून दुसरे दोन हात तिच्यासमोर येऊन थांबले.

लुईझा.

नवऱ्याच्या आडनावानं दर मंगळवारी संस्थेत येणारी लुईझा. वसईला दिलेली. पाठीवरचे वळ दाखवताना जी एकदाही रडली नाही, ती लुईझा. "कोर्टाचा आदेश मिळेपर्यंत माझ्या भावाला कळू देऊ नका," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची, "तो तापट हाय, तिथं जाऊन माझ्या नवऱ्याला मारंल." तो तापट भाऊ म्हणजे हा हसऱ्या डोळ्यांचा गेविन असेल, हे संचिताच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बाहेर भेटलेल्या बाईला आपण ओळख दाखवायची नाही, तिनं दाखवली तरच दाखवायची, हा संस्थेचा नियम. संचिता थांबून राहिली. पाऊस दोघींच्या तोंडावर येत होता.

"गेविन," लुईझानं विचारलं, "कोन हाय ही?"

संचितानं हात जोडले. अनोळखी माणसाला जोडतात तसे.

परतताना उत्तनच्या बस स्टॉपवर गेविन म्हणाला, "लुईझाला तू आधी कुठे पाहिलंयस का? तुला बघून ती एकदम गप्प झाली."

"नाही."

हे तिचं त्याच्याशी पहिलं खोटं. त्या दिवसापासून तिचं कशातच लक्ष लागेना. आई भाजी वाढायची, ती नुसती चिवडत बसायची. फोन वाजला की नकोसा वाटायचा, नाही वाजला की सारखा बघायची. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. बोलली असती तर सातवं कलम का हवं हे त्याला तिथल्या तिथे पटलं असतं, त्याच्यापासून लपवणंही संपलं असतं. पण लुईझाचा विश्वास मोडला असता, आणि वसईला काय झालं असतं ते देवालाच ठाऊक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कोर्टाचा संरक्षणाचा आदेश हातात आला आणि लुईझानं स्वतःच घरी सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी गेविनचा मेसेज आला. 'तुला माहीत होतं?'

'हो.'

मग काहीच नाही. फोन नाही, मेसेज नाही. विधेयक विधिमंडळाच्या सचिवालयात द्यायची मुदत जवळ येत चालली. कलम राहिलं की गेलं, हे उर्मिलाताईंनी दोनदा विचारलं, आणि संचिताला दोन्ही वेळा रडू आलं. कलमासाठी किती आणि त्याच्यासाठी किती, ते तिचं तिलाही कळेना.

मुदतीच्या दिवशी दुपारी तो संस्थेच्या जिन्यात उभा होता. आत पुरुषांनी विचारल्याशिवाय यायचं नसतं, म्हणून बाहेरच. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"खूप राग आला होता तुझा," तो म्हणाला. "माझी बहीण मार खात होती, आणि तू माझ्यासोबत चहा पीत होतीस."

"उत्तनच्या त्या रविवारपर्यंत मला माहीत नव्हतं. पण कळल्यावरही... मी सांगितलं नसतंच."

"हं." तो कठड्याला टेकला. "काल लुईझाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू त्याचा पाय तोडला असतास. मग मी कोर्टात माझ्यासाठी उभी राहू, का तुझ्या जामिनासाठी?"

"तोडला असतास?"

"दोन्ही," तो म्हणाला. "कलम सात परत घातलं. आमदारबाईंना मीच समजावलं. सकाळी दिलं विधेयक. पास कधी होईल, होईल की नाही... सांगता येत नाही."

संचिता एक पायरी खाली उतरली. तिला त्याला मिठी मारायची होती, पण आत दोन बायका बसल्या होत्या.

"गेविन, एक ऐक. मी तुला पुढेही कधी सांगणार नाही. आज कोण आलं होतं, का रडत घरी आले, काहीच नाही. तुझ्या घरातली असली तरी नाही. आयुष्यभर. असली बायको चालेल?"

त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा चढवला.

"चालेल," तो म्हणाला. "रडत आलीस तर मी कारण विचारणार नाही. फक्त... जेवलीस का, एवढं विचारलं तर खरं सांगशील?"

"नाही जेवले," संचिता म्हणाली. "त्या रविवारपासून धड नाही जेवले."