पोचल्याची रिंग

सुशीलला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो उकिडवा बसून एका नव्याकोऱ्या मोटारसायकलच्या चाकाखाली लिंबू ठेवत होता.

पेणच्या रामवाडीतल्या त्या शोरूममध्ये माझा पहिलाच दिवस. मला बिलिंगच्या काउंटरवर बसवलेलं. समोर गाडीला झेंडूचा हार, सेल्समधली समीक्षा आरतीचं ताट घेऊन उभी, गिऱ्हाईकाची आई पदर सावरून फोटोसाठी तयार... आणि हा बुवा एक डोळा मिटून बघतोय, लिंबू बरोब्बर मधोमध बसलंय की नाही! माझ्या तोंडून निघून गेलं, "लिंबाला ब्रेक असतात का हो?"

गिऱ्हाईकाच्या आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच गाडीला आडवी गेले. आमचे मालक हैबतशेठ काचेच्या केबिनमधून डोळे वटारत बाहेर आले. हसला फक्त तो. मान खाली घालून, खांदे हलवत.

"नसतात मॅडम," तो हळूच म्हणाला, "म्हणूनच तर चिरडतं बिचारं."

मला त्याचा रागच आला. हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते.

माझ्या नवऱ्याच्या गाडीखालीपण लिंबू ठेवलं होतं. आरती मीच केली होती, नवी साडी नेसून. प्रदीप नाव त्याचं. गाडीबरोबर दोन हेल्मेटं मिळाली, एक मोठं त्याचं, एक लहान माझं. त्यानं दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खिळ्याला टांगली. "केसांची वाट लागते गो," म्हणाला, "आणि नवीन हायत. कुठं लग्नाकार्याला जाताना घालू." पुढे एका संध्याकाळी वडखळच्या पुढे म्हैस आडवी आली. गाडीचा हेडलाइट फुटला, तेवढंच. हेल्मेट घरी होतं, खिळ्याला.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय. रडून झालं की राग येतो, राग ओसरला की परत रडू येतं. सासरच्यांनी मला जित्याला, माझ्या माहेरच्या गावी, आणून सोडलं तेव्हा बरोबर एक ट्रंक आणि ती दोन हेल्मेटं दिली. आईनं ती पडवीत टांगली, पिशवीसकट. येता-जाता दिसायची.

मग नोकरी गाड्यांच्याच दुकानात कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. जित्याहून ट्रेननं पेणला येता येतं आणि बारावीवर मला कोण कलेक्टर करणार होतं? नोकरी मिळाली, धरली. मात्र कुणाच्या गाडीवर बसणार नाही हे मी मनाशी पक्कं केलेलं.

संध्याकाळी मी स्टेशनकडे चालायला लागले की सुशील मागून गाडी घेऊन यायचा.

"सोडतो मॅडम."

"नको."

"रिक्षा नाय मिळायची."

"पाय हायत मला."

हे असं बरेच दिवस चाललं. मग त्याला समीक्षानं प्रदीपचं सांगितलं असणार. कारण एका संध्याकाळी तो आला, गाडी बंद केली, खाली उतरला आणि हँडल धरून ढकलत माझ्या बाजूनं चालू लागला. डोक्यावर हेल्मेट तसंच!

"ही काय नाटकं?"

"गाडीला जरा व्यायाम."

समोरून त्याच्या ओळखीचा कान्हू टपरीवाला ओरडला, "काय रे सुशा, मेकॅनिकचीच गाडी बंद पडली व्हय?"

"व्हय ना," सुशील म्हणाला आणि तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघितलं, "लय जुना प्रॉब्लेम हाय. सुटता सुटत नाय."

मी हसले नाही. पण पुढचा सगळा रस्ता ओठ दाबून चालावं लागलं.

मग रोजच. पेणच्या त्या रस्त्यावर धूळ, ट्रक, गणपतीच्या कारखान्यातनं येणारा रंगाचा वास... आणि शेजारी घामानं निथळत गाडी ढकलणारा हा माणूस. लोक हसायचे, तो त्यांना हात करायचा. मी बोलू लागले. प्रदीपबद्दल बोलले, खिळ्याबद्दल बोलले, म्हशीलासुद्धा शिव्या घातल्या. तो ऐकायचा. 'जाऊ दे, विसर' असं एकदासुद्धा म्हणाला नाही. प्लॅटफॉर्मवर मी ट्रेनमध्ये चढेपर्यंत थांबायचा, आणि खिडकीतनं बघितलं की हेल्मेटची काच वर करून हसायचा. घरी आले तरी ते हसू डोळ्यासमोर असायचं, आणि पडवीतून आत जाताना मी मान खाली घालायचे.

दिवाळी झाली आणि एके दिवशी प्लॅटफॉर्मवर तो म्हणाला, "शोरूम सोडतोय."

मी बाकावरच त्याच्याकडे वळले. "का रे?"

"रोह्याला, अष्टमी गावात गाळा मिळतोय. स्वतःचं गॅरेज टाकतो. दुसऱ्याच्या दुकानात लिंबं ठेवत किती वर्षं काढू?" हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत बसला. "बिलं करायला माणूस लागंल. तू... येशील?"

"बिलं करायला?"

"बिलं पण."

कानामागे गरम झालं. किती दिवसांनी! आणि त्याच क्षणी भीती वाटली.

"रोज जाणार कसा रोह्याला?"

"गाडीनं."

"वडखळवरनं?"

"दुसरा रोड कुठाय गो?"

"ट्रेननं जा."

"पार्ट आणायला, बंद पडलेल्या गाडीपाशी जायला गाडी लागणारच. तुला खोटं कशाला सांगू?"

"मग मला विचारू नको," मी उठले. आवाज चढला होता, बाकावरची माणसं बघत होती, बघू देत! "तू आवडतोस मला, सुशील. आवडतोस म्हणूनच नाय म्हणते. दारात उभं राहून वाट बघितलीय मी एकदा. परत नाय बघायची. ताकद नाय माझ्यात."

ट्रेन आली. त्या दिवशी मी खिडकीतनं बघितलं नाही.

त्याच्या शेवटच्या दिवशी शेठनी पेढे वाटले. तो काउंटरपाशी आला, हात पुसत. ग्रीस काही निघत नव्हतं.

"उद्यापासून निघालो की एक रिंग देईन. पोचलो की एक. तू उचलू नको. नुसती ऐक."

"मला नको तुझ्या रिंगा."

"बरं," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. एकच रिंग, बंद. मी काउंटरवर बसले, बिल करायला घेतलं, आकडे दिसेनात. वडखळ आलं असेल. नागोठणं आलं असेल. पुन्हा एक रिंग वाजली आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे ज्याला मी नाही म्हटलं होतं तेच रोज करत बसले होते, वाट बघत! दोन रिंगांच्या मध्ये मला ना चहा गोड लागायचा ना कुणाचं बोलणं ऐकू यायचं. कधी वाटायचं, नंबरच ब्लॉक करून टाकावा. पण त्या बटणाला हात कधी लावला नाही.

आणि मग पौषातल्या एका सकाळी पहिली रिंग आली... दुसरी आलीच नाही.

मी थांबले. आणखी थांबले. फोन लावला. बंद. परत लावला. बंद. समोर एका गाडीची डिलिव्हरी चाललेली, समीक्षा आरती ओवाळत होती, कापराचा वास सुटलेला. प्रदीपचा फोनही त्या संध्याकाळी असाच बंद येत होता.

मी पर्स उचलली.

"वैशाली! बिल कोण करणार?" शेठ ओरडले.

"तुम्ही करा."

"आत्ता गेलीस तर परत येऊ नको, सांगून ठेवतो!"

"बरं," मी म्हटलं.

रोह्याची एसटी लगेच मिळाली. मी खिडकीशी बसले आणि रस्त्याची कड बघत राहिले. प्रत्येक फुटकी काच, प्रत्येक पडलेली चप्पल. वडखळ गेलं तेव्हा डोळे मिटले नाहीत, पहिल्यांदाच. नागोठण्याच्या अलीकडे रस्त्यात माणसं जमली होती. मी उभी राहिले, कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा." टायर फुटलेला भाजीचा टेम्पो होता. टोमॅटो पसरले होते सगळीकडे, लाल. मी मटकन खाली बसले. तोंडानं मी देवाला नाही, सुशीललाच शिव्या देत होते.

रोह्याच्या स्टँडवरून अष्टमीला जाणाऱ्या कुंडलिका नदीच्या पुलाकडे मी जवळजवळ पळतच सुटले. पुलाच्या मध्यावर तो दिसला. माझ्याच दिशेनं येत होता. दोन पायांवर, धडधाकट! हातात चक्काचूर झालेला फोन.

"खिशातनं पडला, मागून ट्रक गेला त्याच्यावरनं," तो धापा टाकत बोलला. "नंबर पाठ नाय गो तुझा. शोरूमचा तेवढा पाठ होता, तिथं लावला दुसऱ्याच्या फोनवरनं. शेठ म्हणाले, गेली नोकरी सोडून. मग म्हटलं, एसटीनं येतेयस... त्याच रोडनं..." त्यानं फुटका फोन खिशात कोंबला. "तेव्हापासनं पुलावर येरझाऱ्या घालतोय. वैशाली, काय असतं गो हे वाट बघणं! माणूस मरंल अशानं."

त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती. मी पर्सनं त्याला बडवलं. पहिल्यांदा खांद्यावर, मग छातीवर, मग त्याच छातीवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. भर पुलावर, येणारे-जाणारे बघत असताना. खाली ओहोटीचं पाणी संथ चाललेलं.

"मला काय होणार नाय असं वचन नाय देता यायचं," तो माझ्या केसांत पुटपुटला.

"मागितलंय कुणी?" मी नाक पुसलं. "घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा तुझ्या मागे बसलेली बरी. काय व्हायचं ते दोघांचं होईल. नोकरीपण गेलीय माझी. येते मी... बिलं करायला."

"नुसती बिलं?"

"बिलं पण."

ठरल्याप्रमाणे तो सोमवारी सकाळी जित्याला आला. पडवीत मी खिळ्यासमोर उभी राहिले. आई दारात आली, "अगो, ते..." म्हणाली आणि तोंडावर पदर धरला.

लहान हेल्मेट मी खाली घेतलं. पिशवी फाडली. मोठ्याचीही फाडली. आतून अजून नव्याचा वास येत होता. पदरानं पुसून मोठं परत टांगलं, आणि त्या वेळी मला प्रदीपचा राग आला नाही. नुसतं रडू आलं, आणि आईही रडली.

अंगणात सुशीलनं माझ्या हनुवटीखाली पट्टा बसवला. ग्रीस नखांत तसंच. एवढ्या गाड्या जोडणाऱ्या माणसाला एक क्लिप लावता येईना.

"घट्ट झालं?"

"असू दे घट्ट."

मी मागे बसले. त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. वडखळला डोळे मिटले, उघडले, परत मिटले. तो हळू चालवत होता. सगळे आम्हाला ओलांडून पुढे जात होते. नागोठणं गेलं, रोह्याच्या फाट्याला वळलो, मग गॅरेजची निळी पाटी दिसली. गाडी थांबली. उतरताना त्यानं हात दिला.

मग त्यानं खिशातनं नवा फोन काढला, पाठ फिरवली आणि काहीतरी दाबलं.

माझ्या पर्समध्ये रिंग वाजली. एक... पण या वेळी त्यानं तोडली नाही, वाजतच ठेवली. आणि मी आजवर कधीच न उचललेला तो फोन उचलला.

"पोचलो," तो म्हणाला, माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून.

"व्हय," मी म्हटलं. "पोचलो."