कडप्प्याचा ओटा

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नव्हता. नव्या कचेरीत टायपिस्ट असलेल्या पंचशीलाला क्वार्टर मिळालं आणि त्यात होता कडप्प्याचा काळा ओटा. तिची आई भामाबाई जन्मभर चुलीपुढं बसून राबलेली. पहिल्यांदा उभ्यानं भाकरी थापली तेव्हा ती पोरीसारखी हसली.

बोअरच्या खारट पाण्यानं ओटा पांढुरका पडला होता. निलंग्याकडचा मलप्पा फरशा घासायचा. त्यानं एका बादलीत काम भागवलं, डाग काढले आणि बजावलं, "धूत बसू नका. आठ दिवसाला खोबरेल चोळा, कोरड्या फडक्यानं पुसा. लिंबू-चिंच सांडू देऊ नका."

मग दर रविवारी मायलेकी गात-हसत ओटा चोळायच्या. दगड असा उजळला, की शेजारणी त्यात बघून केस सारखे करायच्या.

एका रविवारी पंचशीलानं हात थांबवला, तरी सर्र-सर्र आवाज क्षणभर चालूच राहिला. भामाबाईचे हात तर पिठात होते. पंचशीलानं वाकून ओट्याखाली पाहिलं. नुसत्या घागरी.

उन्हाळ्यात दोघी चाकूरला लग्नाला गेल्या, पंधरा दिवस राहिल्या. परतल्यावर कुलूप काढलं, तर सगळीकडं धूळ आणि ओटा तेवढा लखलखीत. खोबरेलाचा ताजा वास. भामाबाई खूशच झाली.

"कुणी का असंना, चांगलंच करायलंय," ती म्हणाली.

पंचशीलानं मलप्पाला बोलावलं. त्यानं ओट्याखाली हात घातला आणि तो तसाच थांबला. फरशीची खालची बाजू कुणी घासत नाही, ती खडबडीतच असते, असं तो हळूच म्हणाला. ही काचेसारखी लागत होती. बाहेर काढलेली बोटं तेलकट होती. मग त्यानं टिचक्या मारल्या. कडेला ठक्क वाजलं. मधोमध कौलासारखं, पातळ.

"काय झालं काका?"

"खालून झिजवत आणलीय. वर यायलंय कुणीतरी."

तो हत्यारं उचलून निघून गेला.

त्या रविवारी पंचशीलानं फडकं घेतलंच नाही. भामाबाई गुणगुणत परातीत पीठ मळत होती. स्टोव्ह अजून पेटायचा होता.

पंचशीलानं ओट्यावर तळहात टेकवला. दगड उबदार होता.

तळहाताच्या बरोबर खाली, तेवढ्याच जागेत, कुणीतरी हळूहळू चोळत होतं.

भामाबाईच्या गाण्याच्या ठेक्यावर.