वरच्या षड्जातली भेग

ब्लाउजला हुक लावायचे राहिले होते. गंगाधररावांनी कानडीत "स्वल्प थांब मा, अर्ध्या तासात देतो" म्हटलं, आणि सुप्रीता देवराज मोहल्ल्यातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात बाकावर टेकली. बाहेर भुरभुर पाऊस होता. दसरा महिन्यावर आला होता, त्यामुळे दुकानात कापडांचे ढीग लागले होते. आणि वरच्या खोलीतून एक पुरुषी आवाज पुन्हा पुन्हा म्हणत होता — पळी, पंचपात्र, पापड, पळी, पंचपात्र, पापड...

"वेडाबिडा आहे की काय," ती पुटपुटली. म्हैसूरच्या बाजारात मराठीत पुटपुटलेलं कुणाला कळत नाही, असा तिचा आजवरचा अनुभव होता.

"वेडाच आहे," जिन्यावरून उत्तर आलं, तेही मराठीत. "पण माइक चांगले आहेत."

तिनं वर पाहिलं. गळ्यात हेडफोन अडकवलेला एक उंच, सावळा मुलगा पायऱ्या उतरता उतरता थांबला होता. हा गंगाधररावांचा मुलगा श्रीहरी. त्यांच्याही घरात मराठीच बोलत. वरच्या खोलीत त्यानं घरगुती स्टुडिओ थाटला होता. भजनी मंडळांची गाणी, जाहिरातींचे आवाज अशी त्याची कामं चालत. आज ओळखीच्या दुकानदारानं तीन माइक एका दिवसासाठी दिले होते. त्यातले दोन ठेवायचे आणि तिसरा संध्याकाळी परत करायचा होता. 'प'चे शब्द बोलून ते स्वतःच्या आवाजावर तपासता तपासता तो कंटाळला होता. त्याला बाईचा आवाज हवा होता.

"तुम्ही गाता का?"

"शाळेत संगीत शिकवते."

"मग तुम्हाला देवानंच पाठवलंय."

"देवानं नाही, ब्लाउजनं," ती म्हणाली. आणि तरीही उठली.

वरच्या खोलीच्या भिंतींना लाकडी चौकटी होत्या आणि चौकटींत दुकानातल्या चिंध्या ठासून भरल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. कुठे जरीचा काठ डोकावत होता, कुठे मोरपंखी अस्तर. तिन्ही माइक एका ओळीत उभे होते. श्रीहरीनं त्यांची ओळख करून दिली ती स्थळं सांगावीत तशी. हा कंडेन्सर, याला सगळंच ऐकू येतं — श्वास, बांगडी, खालची मशीन. हा डायनॅमिक, जवळच्या माणसाचंच ऐकतो आणि बरंचसं माफ करतो. हा रिबन, मऊ स्वभावाचा, पण फार नाजूक.

"आमचे अप्पा डायनॅमिक," सुप्रीता म्हणाली. "मी कंडेन्सर."

"मग जपून बोलायला हवं."

"हवंच."

ती गायली. खालच्या सा पासून चढत चढत वरच्या षड्जापर्यंत, एकेका माइकसमोर तीन तीन वेळा. श्रीहरी डोळे मिटून ऐकत होता. खोलीतली हवा त्या आवाजानं जणू उजळली होती... आणि मग वरच्या सा वर त्याच्या कपाळाला आठी पडली. एका स्वराच्या जागी दोन ऐकू येत होते. एक खरा, आणि त्याला चिकटून दुसरा, फाटक्या कागदासारखा. त्यानं वायर बदलली. माइक बदलला. तिला एक पाऊल मागे उभं केलं. तिन्ही माइकांवर तोच फाटका कागद.

तिनं विचारल्यावर तो वायरच खराब आहे म्हणाला. रविवारी पुन्हा या, असंही म्हणाला.

ती रविवारी आली. त्यानंतरच्या रविवारीही आली. आता कुणाला ब्लाउजचं कारण लागत नव्हतं. गंगाधरराव खालून दोन कॉफ्या पाठवायला लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ती गाताना केसांची बट कानामागे सारायची, आणि तो मुद्दाम म्हणायचा, कंडेन्सरला ती बटही ऐकू जाते. ती हसायची. पण हसण्याच्या शेवटी हल्ली एक खाकरणं यायला लागलं होतं, आणि ते ऐकलं की श्रीहरी हेडफोन कानाला घट्ट दाबायचा.

तिसऱ्या रविवारी त्यानं सांगितलं. वायर चांगली आहे. माइकही चांगले आहेत. दोष आवाजात आहे, आणि आठवड्यागणिक वाढतोय. डॉक्टरला दाखव.

तिचा चेहरा उतरला, मग तापला. बारा वर्षांची तालीम आहे माझी, ती म्हणाली. माझ्या गळ्याची परीक्षा चिंध्यांच्या खोलीत बसून होत नसते. आणि पहिल्या दिवशीच कळलं होतं तर तीन आठवडे खोटं का बोललास? दार आपटून ती जिना उतरली.

आठ दिवसांनी ती परत आली. पावसात भिजलेली, हातात मोठा लिफाफा. तिनं तो त्याच्यासमोर ठेवला. थायरॉइडला गाठ होती, आणि ती साधी नव्हती. डाव्या स्वरतंतूला चालवणाऱ्या नसेभोवती तिनं विळखा घातला होता. गाठ काढताना नस वाचवायचा प्रयत्न करू, पण भरवसा देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. महिनाभर उशीर झाला असता तर गोष्ट आवाजापुरती राहिली नसती, असंही म्हणाले होते.

"घरी काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"अजून सांगितलं नाही. हॉस्पिटलमधून सरळ इथंच आले."

एवढं बोलून ती रडली. श्रीहरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

ऑपरेशन दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठरलं. मधे पाच दिवस होते. आवाज रेकॉर्ड करून ठेवू, असं श्रीहरीनं सुचवलं तेव्हा ती आधी नाही म्हणाली. जिवंतपणी फोटोला हार घालू नकोस, म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी आपणहून आली. त्यानं डायनॅमिक लावून ठेवला होता, त्यातल्या त्यात भेग झाकणारा. तिनं तो पाहिला.

"हा काढ," ती म्हणाली. "कंडेन्सर लाव. जसा आहे तसा राहू दे."

चार दिवस ती गायली. वरचा सा दरवेळी फाटत होता आणि दरवेळी ती पुन्हा तिथं जात होती. पाचव्या दिवशी मात्र त्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच नाही. तिनंही विचारलं नाही. तिचा हात हातात घेऊन तो बसून राहिला. खाली मशीन चालत होती, थांबत होती.

विजयादशमीला सगळं म्हैसूर मिरवणूक बघायला लोटलं होतं. सुप्रीता हॉस्पिटलच्या खाटेवर गळ्याला पट्टी बांधून पडली होती. शेजारी तिचे वडील, महादेवराव, रिकामा ग्लास हातात धरून बसले होते. गाठ निघाली होती. नस वाचली नव्हती. तिनं "अप्पा" म्हणायचा प्रयत्न केला आणि नुसता वारा बाहेर आला. महादेवराव तिला "बरंय मा, बरंय" म्हणत राहिले, आणि मग तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसले.

तिनं श्रीहरीला हॉस्पिटलात येऊ दिलं नाही. घरी आल्यावर त्याच्या मेसेजना उत्तरं दिली नाहीत. शाळेनं तिला संगीताच्या वर्गातून काढून ग्रंथालयात बसवलं. बोलताना मध्येच श्वास संपायचा. भाजीवाली तीनदा "एनम्मा?", काय गं, असं विचारायची, आणि मग सुप्रीता नुसतं बोट दाखवायची.

श्रीहरी दर रविवारी घरी यायचा. ती आतल्या खोलीत राहायची. महादेवराव त्याला कॉफी द्यायचे, दोघं पाऊसपाण्याचं बोलायचे, तो जायचा. सोळा रविवार असे गेले. सतराव्या रविवारी महादेवराव आत आले आणि म्हणाले, "त्याला नाही म्हणायचं असेल तर तू म्हण. माझ्याच्यानं होत नाही."

ती चप्पल घालून बाहेर आली. दोघं बन्नीमंटप मैदानाच्या दिशेनं चालत निघाले. फेब्रुवारीचं ऊन चढायला लागलं होतं. बऱ्याच वेळानं ती थांबली. एकेका श्वासाला दोन-तीन शब्द, असं करत तिनं विचारलं, "तुला आवाज आवडला होता. तो गेला. मग कशाला येतोस?"

तो वळून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आवडला होता," तो म्हणाला. "खोटं नाही सांगणार. त्याच्यासाठी मी रडलोय. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तू परत आली नसतीस, म्हणून गप्प बसलो. ते तीन आठवडे माझ्या मानगुटीवर आहेत. पण सुप्री... तू लिफाफा घेऊन आधी माझ्याकडे आलीस ना, त्या दिवसापासून माझं आवाजाशी काही उरलं नाही. तू बोल, नको बोलूस. मला तुझ्याबरोबर राहायचंय."

"गाठ... परत येऊ शकते. डॉक्टरांनी... सांगितलंय."

"माहीत आहे. अप्पांनी सांगितलं."

ती रस्त्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. तिचे ओठ हलले. नेमकी त्याच वेळी एक बस हॉर्न वाजवत गेली, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?"

तिनं मान हलवली. गोंगाटावर आवाज चढवणं आता तिला जमणार नव्हतं, कधीच जमणार नव्हतं. तिनं त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली ओढलं, त्याच्या कानाला ओठ टेकवले, आणि पुन्हा सांगितलं, "राहा."